टूर रद्द झाली, यात्रा कुणी रद्द केली?

पवित्र भूमीची, म्हणजे यरुशलेम-बेथलेहेमकडची टूर परत एकदा पुढं ढकलली गेली आणि आमच्या सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, विश्वास असेल तर जायचंच, देव सांभाळतो, घाबरून घरात बसणाऱ्यांनी यात्रेच्या गप्पा मारू नयेत. दुसरा म्हणतो, कशाला जीव धोक्यात घालायचा, यूट्यूबवर अख्खं यरुशलेम फिरून येतं, टीव्हीवर लावा आणि चहा पीत बघा, वर लाखभर रुपयेही वाचले. उपासना सुटल्यावर गेटबाहेर तेच, ग्रुपवर तेच, परवा एका साखरपुड्यात जेवताना पण तेच. मला यात गंमत अशी वाटते की एवढं हमरीतुमरीवर येऊनसुद्धा दोन्ही तटांचं मुख्य मुद्द्यावर एकमत आहे, ते म्हणजे यात्रा म्हणजे ती जागा बघणं. एकाला ती डोळ्यांनी बघायची आहे, दुसऱ्याला मोबाईलवर, एवढाच फरक. माझं म्हणणं असं की यात्रा म्हणजे निघायच्या आधी मिटवलेली भांडणं आणि फेडलेली देणी, पायाला झालेला त्रास, अनोळखी माणसाची सोबत, खिशाला बसलेली झळ, आणि परत आल्यावर जुन्या घरात जरा नव्यानं राहणं. विमान रद्द झालं म्हणून यातलं काय रद्द झालं ते कुणीतरी मला सांगा.

मुळात हा प्रवास निश्चित होता कधी? २०२३ च्या ७ ऑक्टोबरनंतर सरकारला 'ऑपरेशन अजय' करून आपली माणसं इस्रायलमधून आणावी लागली, २०२५ च्या जूनमध्ये इराणशी लढाई पेटली तेव्हा तिथलं आकाशच बंद झालं आणि पुन्हा माणसं आणायला 'ऑपरेशन सिंधू'. त्याआधी २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळं यरुशलेमच्या पवित्र कबरेच्या चर्चची दारं लागली होती. टूरवाल्याचे मेसेज वाचून आपल्याला वाटतं हे सगळं आपल्याच नशिबी आलं, पण १००९ साली खलिफा अल-हाकिमने तेच चर्च पाडायला लावलं होतं आणि ते नीट उभं राहायला चाळीसेक वर्षं गेली, ११८७ मध्ये सलादिनने शहर घेतलं, आणि मधल्या सगळ्या काळात समुद्रावर चाचे, वाटेत लुटारू, जहाजात तापाची साथ हे चालूच होतं. जुन्या काळचा युरोपातला यात्रेकरू मृत्युपत्र करून निघायचा. उधारी फेडायचा, ज्याच्याशी अबोला असेल त्याची माफी मागायचा, कारण परत येऊ याची गॅरंटी नव्हती. अनिश्चितता पोटात घेऊनच ती यात्रा व्हायची. आठ-दहा दिवसांत तीन देश, नाश्ता-जेवणासकट, एसी बस आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर, ही सगळी खात्री अलीकडची आहे, आणि ती हलली की आपल्याला वाटतं यात्राच हलली.

आता पहिल्या तटाचं बोलू. त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरीच आहे, धोका पत्करून गेलेले लोक नसते तर ही वाट आपल्यापर्यंत आलीच नसती, आणि नुसतं सुरक्षित राहणं हा काही ख्रिस्ती माणसाचा धर्म नव्हे. कबूल. पण ग्रुपवर 'देव राखेल' असं सांगणारं ९१ वं स्तोत्र टाकून 'बुकिंग कॅन्सल करू नका' म्हणणाऱ्यांनी एकदा शास्त्र उघडून बघावं, हेच स्तोत्र यरुशलेममध्ये मंदिराच्या शिखरावर कुणाच्या तोंडी आलंय? सैतानाच्या. खाली उडी टाक, दूत तुला हातांवर झेलतील, तसं लिहिलंयच की. आणि प्रभूचं उत्तर काय, तर देवाची परीक्षा पाहू नको. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं? शिवाय असा धोका एकट्याचा राहत नाही. तिकडं अडकलात तर इकडं बायकापोरं रात्र रात्र फोन घेऊन बसणार, वकिलातीतले लोक पळापळ करणार, तिथला बस ड्रायव्हर तुमच्यासाठी रस्त्यावर उतरणार. माझ्या विश्वासाचं बिल दुसऱ्यांनी भरायचं, हे कुठल्या वचनात बसतं?

याच प्रश्नावर इतिहासात एक माणूस फार चांगला सापडतो, आणि तो कॅथलिक होता म्हणून आमच्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी लगेच नाक मुरडू नये. पुढं जेझुइट संघ काढणारा इग्नेशियस लोयोला १५२३ मध्ये यरुशलेमला पोचला, कायमचं तिथंच राहायचं मनात ठरवून. तिथल्या फ्रान्सिस्कन मठाच्या प्रमुखाने सांगितलं, राहता येणार नाही, यात्रेकरू पकडले जातात, मारले जातात, निघा. तरी हा हटून बसला तेव्हा त्यांनी चर्चमधून बहिष्कृत करायचा अधिकार दाखवला आणि हा गप निघाला. पळपुटा म्हणायचं का त्याला? पुढं १५३४ मध्ये पॅरिसला त्याने सहा मित्रांबरोबर शपथ घेतली की यरुशलेमला जायचं, आणि शपथेतच एक वाट ठेवली, की वर्षभरात जहाज मिळालं नाही तर रोमला जाऊन पोप सांगतील ते काम करायचं. १५३७ मध्ये हे सगळे व्हेनिसला जमले आणि त्याच वर्षी व्हेनिस आणि तुर्कांची लढाई जुंपली, यात्रेकरूंचं जहाज सुटलंच नाही. जहाजाची वाट बघत असताना त्यांनी काय केलं तर तिथल्या दवाखान्यांत राबले, ज्यांना कुणी हात लावत नव्हतं अशा रोग्यांची सेवा केली, मेलेल्यांना पुरलं. आणि यात्रेसाठी लोकांनी दिलेले पैसे, यात्रा होत नाही म्हटल्यावर, ज्याचे त्याला परत केले. (आपल्याकडे टूर रद्द झाली की हातात क्रेडिट नोट येते आणि फोन उचलायचा बंद होतो, ते असो.) त्या सहा मित्रांमधला एक फ्रान्सिस झेवियर. जहाज सुटलं असतं तर तो १५४२ मध्ये गोव्याला आला असता का? ज्याच्या शवप्रदर्शनाला २०२४-२५ मध्ये आपल्याकडचेही लोक गाड्या करून जुन्या गोव्याला गेले, त्याची स्वतःची मोठी यात्रा लढाईमुळं रद्द झालेली आहे. गोव्यात त्याच्या काळात आणि नंतर जे जे झालं त्यातलं सगळंच काही मिरवण्यासारखं नाही, तो वेगळा लेख होईल. पण न झालेल्या प्रवासाचं काय करायचं, हे या लोकांना आपल्यापेक्षा बरं कळलं होतं. ते हट्टाला पेटले नाहीत आणि घरीही बसले नाहीत.

दुसरा तट स्क्रीनवाल्यांचा. यांच्याशी भांडताना मला जरा जपून बोलावं लागतं, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोबाईलवर बेथलेहेमची घंटा ऐकून डोळ्यात पाणी आलं तर त्याला नावं ठेवणारी मी कोण. आणि घरबसल्या यात्रा ही कल्पना पण काही आजची नाही. उल्म गावचा फेलिक्स फाब्री नावाचा डोमिनिकन साधू १४८० आणि १४८३ असा दोनदा तिकडं जाऊन आला आणि ज्या नन्सना मठाबाहेर पडायची परवानगी नव्हती त्यांच्यासाठी त्याने मनातल्या मनात करायची यात्रा लिहून दिली. मग हे यूट्यूबच की, असं कुणी म्हणेल. नाही. त्याने रोजचा टप्पा ठरवून दिला होता, रोजची प्रार्थना बांधून दिली होती, आज इथपर्यंतच, उद्या पुढं. मनातली असली तरी ती दिवसेंदिवस चालायची आणि मध्येच सोडता येत नव्हती. आपण काय करतो? गेथशेमानेच्या बागेचा व्हिडिओ दीडपट स्पीडने बघतो, मध्ये मसाल्याची जाहिरात स्किप करतो, आणि खाली 'आमेन' टाकून मोकळे होतो. त्यात आपलं काय गेलं? ज्यात आपलं काहीच जात नाही त्याला यात्रा म्हणायचं कसं?

यात शेजारच्यांकडे बघितलं तरी पुरे. २०२० मध्ये वारी पायी निघाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आपल्या सातारा जिल्ह्यात नीरेचं स्नान, लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं सुनं गेलं. टीव्हीवर ती बस बघितली म्हणून आपली वारी झाली, असं एखादा माळकरी म्हणेल का? तो म्हणेल वारी चुकली, आणि घरी नेमाने हरिपाठ करत बसेल. चुकली म्हणायची पण नेम सोडायचा नाही, या दोन गोष्टी एकदम धरता येतात हे वारकऱ्याला कळतं आणि आपल्याला का कळू नये? आणखी एक, लोणंद-तरडगाव-फलटणकडची कितीतरी घरं अशी आहेत की त्यातलं कुणी पायी पंढरपूरला गेलेलं नसतं, पण पालखी येते त्या दिवशी दारात झुणका-भाकरीची रास असते आणि आतल्या खोलीत अनोळखी माणसं पाय पसरून झोपलेली असतात. ती घरं वारीच्या बाहेरची आहेत असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आता आमच्यातलेच जुने लोक म्हणतात, अहो, आपल्यात यात्रा हा प्रकारच नाही, मिशनऱ्यांनी ते सगळं मागं सोडायला शिकवलं, मग हा वाद तरी कशाला. हा मुद्दा मला तिन्हींत सगळ्यात वजनदार वाटतो. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईला प्रभूने सरळ सांगितलं की देवाची उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही. चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी स्वतः तिकडं जाऊन आला आणि नंतर पत्र लिहून मोकळा झाला की जागा बदलल्याने देव काही जवळ येत नाही. आणि आपल्या घरातली साक्ष तर पंडिता रमाबाईंची. लहानपणापासून आईबापांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी तुडवलेली बाई, १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप एकामागून एक गेले तेव्हा एकही तीर्थ कामाला आलं नाही. यात्रेतला फोलपणा त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? पण पुढं त्यांनी काय केलं तेही बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई परत वाटेला लागली, मध्य प्रांतापर्यंत गेली, यावेळी देव शोधायला म्हणून नाही तर उपाशी मुली गोळा करून केडगावला आणायला. चालणं सुटलं नाही, दिशा बदलली. म्हणून 'आपल्यात यात्रा नाही' हे मला अर्धंच पटतं. जागेला पुण्य चिकटवणं आपल्यात नाही, हे बरोबर. पण बायबलमधल्या इब्रींच्या पत्रात विश्वासाची सगळी माणसं पृथ्वीवर परकी आणि प्रवासी म्हणून सांगितलीत, ते काय फक्त दफनविधीला वाचायला? ना. वा. टिळकांनी तर उघड सांगितलं की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळ्यांना घेऊन. ज्या मातीत टिळक झाले तिथल्या ख्रिस्ती माणसाला पायी चालायची लाज वाटावी हे मला तरी विचित्र वाटतं.

मग करायचं काय, नुसती टीका नको, असं विचारतील म्हणून सांगते. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य चालताहेत, कुठं, तर यरुशलेमपासून लांब, अम्माऊसकडे. अंतर दिलंय, साठेक स्टेडियम, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. सांगलीपासून मिरज जवळपास तेवढंच. आणि प्रभू भेटतो तो या पाठमोऱ्या वाटेवर, धुळीत, अनोळखी माणूस म्हणून. सांगलीच्या चर्चमधून पहाटे निघून विश्रामबाग, वानलेसवाडी करत मिरजेच्या मिशन कंपाउंडला पोचायला आरामात चाललं तरी तीन तास. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत कारखान्यांचा हंगाम संपत आलेला असतो तरी एखाददुसरी उसाची ट्रॉली घासून जाते, टेप लावलेली, आठ वाजले की ऊन पाठीवर चढतं, रस्त्याला सावली म्हणावी तर कमीच. यात बघण्यासारखं काही नाही आणि तेच बरं आहे, फोटो काढायचा मोह होत नाही. पण वानलेसवाडीला थांबून बरोबरच्या पोरांना सांगता येतं की हे नाव डॉक्टर वानलेसचं, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला, आणि टीबी म्हटलं की लोक माणसाला घराबाहेर काढायचे त्या काळात इथं मिशनचं सॅनेटोरियम चाललं. अम्माऊसच्या वाटेवर पण त्या पाहुण्याने असंच, चालता चालता शास्त्र उलगडून सांगितलं होतं. माझी एकच अट, निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाने एक तरी जुना अबोला मोडायचा. आमच्या मंडळीत निवडणुकीवरून सख्खे भाऊ दोन बाकांवर बसतात, त्यांना तेल अवीवच्या विमानात शेजारच्या सीट मिळून काय उपयोग?

आणि मिरजेत पोचल्यावर केक-सामोसे खाऊन परत फिरायचं नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव, अथणी, रायबाग, जत, विजापूरकडनं माणसं पेशंट घेऊन येतात, आणि कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या आवारात रात्री बघा, सतरंजी टाकून नातेवाईक झोपलेले असतात, उशाला एक्स-रेचं पाकीट, शेजारी स्टीलचा डबा, कुणाला कन्नडशिवाय भाषा येत नाही, उद्या ऑपरेशन आहे का परवा ते माहीत नाही, पैसे पुरतील का ते माहीत नाही. प्रवास अनिश्चित म्हणजे काय हे यांना विचारा. अकराव्या शतकात यरुशलेममध्ये अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी यात्रेकरूंसाठी दवाखाना-धर्मशाळा बांधली, कारण तिथं पोचलेला माणूस आजारी, भुकेला आणि परका असायचा. तो माणूस आज आपल्या दारात आहे आणि आपण ट्रॅव्हल एजंटला विचारतोय की यरुशलेम कधी उघडणार! आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरातून दोन डबे आणि कन्नड येणारं एक माणूस, एवढं वर्षभर जमलं तरी मी त्याला यात्रा म्हणेन, कुणी नाही म्हटलं तरी.

एक आक्षेप राहिला, आणि तो मला झोंबतो. तुम्ही सगळे इथंच चालायला लागलात तर बेथलेहेमच्या ख्रिस्ती लोकांनी खायचं काय? यात्रेकरू येत नाहीत म्हणून तिथली हॉटेलं बंद पडली, ऑलिव्हच्या लाकडाचं कोरीवकाम करणारे रिकामे बसले, २०२३ च्या नाताळात तर त्या गावाने रोषणाईसुद्धा केली नाही. आधीच मूठभर उरलेली माणसं, पोटासाठी देश सोडताहेत. आपण आध्यात्मिक गप्पा मारत इकडं सुखात राहायचं आणि जिथं सगळं सुरू झालं तिथं उपासनेला कुणी उरायचं नाही, असं व्हायला नको. बरोबर आहे. पण याचं उत्तर प्रेषित पौलाने देऊन ठेवलंय. यरुशलेमच्या पवित्र जनांमध्ये गरिबी होती तेव्हा त्याने मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवायला सांगून. ज्यांनी दिलं त्यातल्या बहुतेकांनी यरुशलेम जन्मात बघितलं नसणार. ते गेले नाहीत, त्यांचे पैसे गेले. कॅथलिक चर्चमध्ये आजही गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी वर्गणी होते. आपण टूरसाठी लाख-सव्वा लाख भरायला तयार होतो ना, मग टूर झाली नाही तर त्यातला दहावा भाग तिकडच्या मंडळीला पाठवायला हात का आखडतो? 'पैसे वाचले' म्हणणाऱ्यांना मी हेच विचारते, वाचले ते कुणाचे?

आता राहिला शेवटचा आणि माझ्या युक्तिवादात न बसणारा भाग, म्हातारी माणसं. आमच्यातल्या एका आजींनी पेन्शनीतून पैसे साठवले, या वयात पासपोर्ट काढला, बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात म्हणून हेलपाटे घातले, आणि आता गुडघे असे की पुढच्या वर्षी विमान सुरू झालं तरी जाता येईलच असं नाही. त्यांना 'मिरजेपर्यंत चाला' म्हणायची माझी हिंमत नाही आणि 'देव सगळीकडे आहे' हे तर मुळीच नको, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचं नुकसान झालंय, ते नुकसानच आहे, त्याला गोड नाव देऊ नये. यार्देन नदीच्या पाण्यात हात घालायची इच्छा काही अंधश्रद्धा नव्हे, देव शरीर घेऊन एका ठराविक गावात जन्मला असं मानणाऱ्यांनी जागेची ओढ कमी लेखू नये. बायबल लॅटिनमध्ये आणणारा जेरोम सांगायचा की स्वर्गाचं दार ब्रिटनमधूनही तितकंच उघडं आहे, पण स्वतः मात्र मरेपर्यंत बेथलेहेमला राहिला, हे विसरून कसं चालेल!

म्हणून पाळकांना आणि कमिटीला माझं सांगणं आहे की वाट उघडेल तेव्हा बुकिंगची यादी 'आधी पैसे भरील तो' अशी करू नका. सत्तरीच्या पुढचे आधी. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचे तरुण कमावत्यांनी भरायचे, जे इंजिनियर पुण्याहून सुट्टीला येऊन ग्रुपवर सगळ्यात जास्त लिहितात त्यांनी पहिल्यांदा. व्हीलचेअर ढकलायला प्रत्येकी एक पोरगा नाहीतर पोरगी बरोबर. आणि वाट उघडेपर्यंत दर महिन्याला कुणीतरी आजींच्या घरी जाऊन, त्यांनी टूरसाठी बनवलेली ती वही उघडून, कुठल्या जागी कुणासाठी प्रार्थना करायची आहे त्याची नावं वाचून दाखवायची, त्यांची नजर आता पोचत नाही. त्या वहीत माझ्या माहितीप्रमाणे ग्रुपवर एकमेकांशी भांडणाऱ्या दोन्ही तटांतली माणसं आहेत.